कोंबडा कापू नका! मालवणीत बायबलच्या गोष्टी रेकॉर्ड करणाऱ्यांना खुलं पत्र

नमस्कार मंडळी,

कोकणात येऊन इथल्या बोलींमध्ये बायबलच्या गोष्टी तोंडी सांगायच्या, लोकांकडून सांगून घ्यायच्या आणि रेकॉर्ड करायच्या, हे काम ज्या ज्या टीम करतायत त्या सगळ्यांना हे पत्र आहे. मी ज्यांच्याबरोबर काम केलं त्यांचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये, माणसं वाईट नव्हती, उलट माझ्या आईच्या हातची पेज आणि भाजलेला बांगडा रोज सकाळी चवीनं खाल्ली त्यांनी. पण दोन महिने झाले व्हॉट्सअॅपवर सगळं सविस्तर लिहून पाठवलंय, दोन निळ्या टिका दिसतात, उत्तर नाही. म्हणून आता उघड लिहितेय.

मी वेंगुर्ले तालुक्यातली. कॅथलिक. घरात मालवणी बोलतो, त्यात आमच्या लोकांचे कोकणी शब्द मिसळलेले, खुरीस म्हणजे क्रूस, फेस्त म्हणजे चर्चचा सण, लदिन म्हणजे क्रूसापुढची प्रार्थना, सायबीण म्हणजे मरियामाता, असे. मे महिन्यात अकरा दिवस तुमच्यातल्या एका टीमबरोबर मी 'भाषा सहायक' होते. म्हणजे काय तर सकाळी गोष्टी ऐकायच्या, दुपारी वाडीतल्या चार बायका आणि दोन बाप्ये गोळा करायचे, गोष्ट सांगायची, त्यांच्याकडून परत सांगून घ्यायची, मग प्रश्न, मग रेकॉर्डिंग, आणि संध्याकाळी ते रेकॉर्डिंग वाक्यावाक्यानं थांबवत मराठीत उलटं सांगायचं म्हणजे तुमचे तपासणारे सर बघणार अर्थ सुटला का ते. याला बॅक ट्रान्सलेशन म्हणतात हे मला तेव्हा कळलं. मला हे काम जाम आवडलं हे आधीच सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही तक्रारच करायला बसलीय.

ट्रेनिंगच्या पहिल्या दिवशी तुमच्या सरांनी जॉय रिडरहॉफ नावाच्या बाईंची गोष्ट सांगितली. होंडुरासमध्ये मिशनरी होत्या, आजारी पडून परत गेल्या, आणि लॉस एंजेलिसला बसून १९३९ मध्ये स्पॅनिशमध्ये संदेश रेकॉर्ड करून पाठवायला लागल्या, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्या कानात पोचावं म्हणून. पुढे त्यातून कितीतरी भाषांमधल्या रेकॉर्ड निघाल्या, हातानं फिरवायचे प्लेयर निघाले, वीज नको की सेल नको. मला ते ऐकून भारी वाटलं. एक आजारी बाई खोलीत बसून हे करते. पण त्याच बैठकीत पुढचं वाक्य आलं की "या किनाऱ्यावरच्या लोकांपर्यंत अजून कोणी त्यांच्या कानाच्या भाषेत पोचलेलं नाही", आणि तिथे मी जरा खुर्चीत सरळ बसले.

अहो, कोणी पोचलं नाही कसं? इंग्लंडचे थॉमस स्टीफन्स १५७९ मध्ये गोव्यात आले, जेज्विट पाद्री, आणि त्यांनी आदामापासून ते येशूच्या पुनरुत्थानापर्यंतची सगळी कथा ओवीत लिहिली. जवळपास अकरा हजार ओव्या! हे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यातल्या रायतूरला छापलं, अक्षरं रोमन पण भाषा मराठी, मधेमधे कोकणी. का लिहिलं, तर नवीन ख्रिश्चन झालेल्या लोकांची पुराणं बंद झाली होती आणि त्यांना पुराण हवं होतं. कान रिकामे झाले होते त्यांचे. म्हणून ते ओवीत आलं, गायला आणि ऐकायला. १६५४ पर्यंत तीन वेळा छापलं गेलं. पुस्तक घरात असो नसो, ओवी तोंडात बसते, तुम्ही आता ज्याला ऑरल स्ट्रॅटेजी म्हणता ती हीच हो.

आणि मग त्याच पोर्तुगीज सरकारनं १६८४ मध्ये हुकूम काढला की तीन वर्षांत लोकांनी कोकणी सोडून पोर्तुगीज बोलायचं. इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, तर १५६० पासूनच चालू होतं. म्हणजे एका हातानं ओवी दिली आणि दुसऱ्या हातानं जीभ धरली. आम्ही त्या इतिहासाचे वारस आहोत, अभिमानाचे पण आणि लाजेचे पण. त्यामुळे बाहेरून कोणी येऊन आमच्या भाषेबद्दल काही ठरवायला लागलं की आम्हाला पटकन लागतं, ते का लागतं ते एवढ्यासाठी सांगितलं.

वर रायगडाकडे जा. बेने इस्रायल लोक, म्हणजे कोकणातले यहुदी, शनिवार तेली म्हणायचे त्यांना, शनिवारी घाणा बंद म्हणून. त्यांच्यात एलियाहू हनाबीचं, म्हणजे एलिया संदेष्ट्याचं, नाव घेऊन मलिदा करतात, पोहे नारळ फळं, अगदी कोकणातलं ताट. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शेवटी त्यांनी योसेफाच्या, मोशेच्या, एस्तेरच्या कथा मराठी कीर्तनात उभ्या केल्या. यहुदी लोक, हिब्रू धर्मग्रंथ, आणि सांगायची पद्धत आपली, कीर्तनाची. बायबलमधली गोष्ट मराठीत तोंडी सांगण्यावर ख्रिश्चनांचाच मक्ता होता असंही नाही! स्कॉटिश मिशनरी १८२३ मध्ये बाणकोटला उतरले, नंतर हर्णैला, जॉन विल्सन १८२९ मध्ये आले ते पण मराठी शिकायला त्याच किनाऱ्यावर राहिले. नारायण वामन टिळक तर रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे, जन्म १८६१, बाप्तिस्मा १८९५, आणि नंतर त्यांनी अभंग आणि कीर्तन हातात घेतलं. कोर्लईच्या किल्ल्याखालच्या गावात अजूनही पोर्तुगीजपासून झालेली बोली घरात बोलतात. तुमच्या नकाशावर हा सगळा पट्टा एका रंगात रंगवलेला होता, 'अनरीच्ड', म्हणजे कोणी न पोचलेला. मी सरांना विचारलं हा रंग कसला, तर म्हणाले तो एक टेक्निकल शब्द आहे. असेल.

तर मूळ मुद्दा. ज्यांची नावं वर घेतली त्यांनी गोष्ट दिली आणि सांगायची पद्धत इथली घेतली. ओवी घेतली, कीर्तन घेतलं. तुम्ही आमच्याकडून फक्त शब्द घेता. वाक्य मराठी स्क्रिप्टचं, त्यात शब्दाला शब्द मालवणी बसवायचा, 'आहे' काढून 'आसा' लावायचं, 'मला' काढून 'माका', झाली मालवणी. नाही हो होत तशी मालवणी. नाटकात हशा काढायला तेवढी पुरते, आजीला रडवायला नाही पुरत.

पहिल्याच दिवसाचं सांगते. सिरीजचं नाव तुम्ही आधीच ठरवून आणलं होतं, 'येशूच्यो गजाली'. कव्हरपण तयार, माड, होडी, सूर्यास्त. शहरात कोणीतरी सांगितलं असणार की मालवणीत गप्पागोष्टींना गजाली म्हणतात. बरोबर आहे. पण गजाली म्हणजे संध्याकाळी चव्हाट्यावर बसून मारतो त्या, त्यात थोडं खरं, थोडं मीठमसाला, आणि ऐकणाऱ्यालाही ते माहीत असतं. आजीला मी ते नाव वाचून दाखवलं तर ती म्हणाली, "गजाली? मगे मानूची काय गरज नाय." देवाच्या गोष्टीला आमच्याकडे काणी म्हणतात. हे सांगितल्यावर तुम्ही म्हणालात कव्हर प्रिंटला गेलंय.

माझी आजी ८३ वर्षांची. शाळा तिसरीपर्यंत. ती तरुण असेपर्यंत चर्चमधली मीस, म्हणजे मुख्य उपासना, लॅटिनमध्ये असायची, कॅथलिक चर्चची दुसरी व्हॅटिकन परिषद १९६२ ते ६५ ची, त्याच्यानंतर हळूहळू लोकांच्या भाषेत यायला लागलं. म्हणजे ज्या वयात गोष्टी पक्क्या होतात त्या वयात तिनं बायबल वाचलं नाही आणि समजेल असं ऐकलंही नाही. तरी तिला सगळं येतं. कुठून आलं? तिच्या आईकडून. पावसाच्या आधी आमसुलं वाळवताना, खुरसाकडच्या लदिनीला जाता येता, कोणाच्या घरी मयत झालं की रात्र जागवताना. तुमच्या भाषेत ती 'ऑरल लर्नर', तुम्ही म्हणालातही मला बाजूला घेऊन की अशी व्यक्ती मिळणं म्हणजे सोनं आहे. मग त्या सोन्याचं काय केलंत ते आता लिहिते.

पेत्राच्या नाकाराची गोष्ट होती. पेत्र येशूचा शिष्य, त्याला येशूनं आधीच सांगितलेलं की कोंबडा आरवायच्या आत तू मला तीनदा नाकारशील. येशूला पकडून नेलंय, पेत्र लांबून मागे मागे गेलाय आणि मुख्य याजकाच्या वाड्यात शेकत बसलाय. तुमच्या स्क्रिप्टमध्ये 'प्रांगण' होतं. आजीनं एकदा ऐकलं, डोळे मिटले, आणि सांगायला लागली. ती पेत्र म्हणत नाही, पेद्रू म्हणते, आमच्याकडे सगळे सांत पेद्रूच म्हणतात. "पेद्रू भायर खळ्यात बसलो शेकत. थंडी होती. थयसर एक कामवाली चेडू इली, तिना तेच्याकडे निरखून बघल्यान आणि सांगल्यान, तू पण तेच्याच वांगडा होतंस मा रे?" खळ्यात! एका शब्दानं ते सगळं आमच्या दारात आलं. शेणानं सारवलेलं खळं, मधे आगटी, पाच सहा माणसं, आणि एकजण तोंड लपवून. मी बारा वर्षं गुड फ्रायडेला ही गोष्ट चर्चमध्ये ऐकतेय, मला पेत्राला थंडी वाजत होती हे त्या दिवशी पहिल्यांदा जाणवलं.

मग तो म्हणतो, "मी तेका वळखणय नाय." एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळी तिथले लोक त्याला म्हणतात ते आजीनं असं सांगितलं, "वळखणय नाय म्हणतंस, पण तुजी भाषाच सांगता तू खयचो ता." हे तिच्या मनाचं नाही, मत्तयाच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूच्या चरित्रात, २६ व्या अध्यायात आहे, तुमच्याच सरांनी उघडून दाखवलं. पेत्र गालीलचा, वरच्या अंगाचा, तळ्यावरचा मासेवाला. यरुशलेमच्या लोकांना त्याचं बोलणं ऐकूनच कळलं हा कुठला. आम्हाला हे समजवायला लागत नाही. परळला माझा मामा मिलमध्ये होता, चाळीस वर्षं मुंबईत काढली, तरी तोंड उघडलं की समोरचा म्हणायचा काय मालवणचे काय? तो वेंगुर्ल्याचा, पण मुंबईला काय, राजापूरच्या खाली सगळे मालवणीच.

आणि मग कोंबडा. आजी सांगते, "इतक्यात..." आणि मागच्या पडवीतनं आमचा खराखुरा कोंबडा आरवला. दुपारचे साडेतीन. एकदा नाही, तीनदा! रेकॉर्डिंग चालू. एक सेकंद सगळे गप्प, तुमचा हेडफोनवाला मुलगासुद्धा, मग आजी हसली नाही, थांबली नाही, तिनं फक्त हात वर केला, ऐका म्हणून, आणि खालच्या आवाजात म्हणाली, "आरावलो. आणि पेद्रूक याद इली." आमच्या शेजारची काकू पदर तोंडाला लावून रडत होती. तपासणाऱ्या सरांनी नंतर विचारलं कोंबडा एकदा की दोनदा, कारण मार्कमध्ये दोनदा आरवतो आणि बाकीच्या शुभवर्तमानांत एकदाच. त्यांचं ते कामच आहे, विचारायलाच हवं. आजी म्हणाली आमचो तीनदा आरावलो, तां तुमी काय करतालात? सर पण हसले.

ती फाईल चार मिनिटं वीस सेकंदांची होती. ऑगस्टमध्ये मेमरी कार्डं आली, वाडीत वाटायला, ब्लूटूथ स्पीकरसकट. आम्ही सगळे जमून ऐकायला बसलो, आजीला खुर्ची दिली मधे. आणि स्पीकरमधून एक अनोळखी बाई बोलायला लागली. गोड आवाज, स्टुडिओतला, मागे बासरी. "पेत्र अंगणात शेकत बसलो होतो." खळं गेलं. पेद्रू गेला. कोंबडा गेला, त्याच्या जागी इंटरनेटवरनं घेतलेला कोंबडा, परदेशी वाटत होता, आमचे कोंबडे असे नाही आरवत. आजी शेवटपर्यंत ऐकत बसली आणि म्हणाली, "ह्या कोण गो? बरा सांगता. पण हयचा नाय."

तेव्हा तुम्हाला विचारलं तर उत्तर आलं, त्या सविस्तर मेसेजच्या आधी तेवढंच एक उत्तर आलं, की बॅकग्राउंड नॉईज होता आणि वयामुळे उच्चार स्पष्ट नव्हते, ऑडिओ क्वालिटीचं स्टँडर्ड असतं.

मला एक सांगा. गोष्ट कसली होती? बोलण्यावरून ओळखल्या गेलेल्या माणसाची. ज्याला आपल्या गावची बोली लपवता आली नाही त्याची. आणि तीच गोष्ट सांगणाऱ्या बाईची बोली तुम्ही क्वालिटीसाठी काढून टाकलीत. मला राग आला त्यापेक्षा आश्चर्य जास्त वाटलं, की एवढ्या शिकलेल्या माणसांच्या हे लक्षात कसं आलं नाही.

तुमचे सर एकदा जेवताना सांगत होते की येशू अरामीमध्ये बोलायचा आणि शुभवर्तमानं लिहिली गेली ग्रीकमध्ये, आणि त्याला क्रूसावर दिल्यानंतर साधारण पस्तीस-चाळीस वर्षं या सगळ्या गोष्टी तोंडीच फिरत होत्या, सगळ्यात जुनं मार्कचं शुभवर्तमान लिहिलं गेलं तोवर. म्हणजे आपण जे वाचतो ते आधीच भाषांतर. पण मार्कनं काय केलं बघा. याईराची बारा वर्षांची मुलगी, सगळे म्हणतात मेली, येशू आत जाऊन तिचा हात धरतो आणि म्हणतो, तलीथा कूम. हे दोन शब्द मार्कनं ग्रीकमध्ये घातले नाहीत, जसेच्या तसे अरामीत ठेवले, आणि मग पुढे अर्थ सांगितला. का ठेवले असतील? त्याला ग्रीक येत नव्हतं असं थोडीच. मला वाटतं ज्यानं कोणी ते त्याला सांगितलं त्याच्या कानात तो आवाज होता, आणि तो काढवेना. आमच्या गटात ही गोष्ट झाली तेव्हा स्क्रिप्टमध्ये होतं 'मुली, मी तुला सांगतो, ऊठ'. आजीनं सांगितलं, "गो चेडवा, उठ." एवढंच. तीन शब्द. सकाळी शाळेला उशीर झाला की ती मला तसंच उठवायची. सगळी वाडी गप्प झाली होती.

मार्कनं त्याच्या भाषेतला कोंबडा कापला नाही, एवढंच म्हणायचंय मला.

आता तुमची बाजू पण लिहिते, नाहीतर अन्याय होईल. मूळ वचनात नाही ते गोष्टीत घालायचं नाही हा तुमचा नियम मला पटतो. आमच्याकडे दशावतारात नट रंगात आला की कृष्णाच्या तोंडी एसटीचं टाइमटेबल पण येतं, संहिता नसतेच, रात्रभर चालतं, ती मजा वेगळी. तसं शुभवर्तमानाचं करून नाही चालणार. आणि कधी कधी तुमच्या तपासणीमुळेच आम्हाला आमची भाषा नीट दिसली. माझे काका रापणकर. मत्तयाच्या तेराव्या अध्यायात ते जाळ्याचं आहे ना, समुद्रात टाकलं, सगळ्या जातीचे मासे आले, भरल्यावर काठावर ओढलं, मग बसून चांगले निवडून भांड्यात भरले आणि वाईट फेकून दिले. काका ऐकताऐकताच उठून उभे राहिले, "अरे ही रापण!" म्हणाले. होडीनं अर्धगोल जाळं टाकून यायचं, दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावर, इकडे वीस माणसं तिकडे वीस माणसं, बायापोरं सुद्धा, ओढत ओढत एकत्र यायचं, मग वाळूत बसून निवडायचं, बांगडे इकडे, सौंदाळे इकडे, केंड आला तर लाथेनं बाजूला. तुमच्या सरांनी लगेच लॅपटॉप उघडला आणि सांगितलं की मूळ ग्रीकमध्ये तिथे सागेने असा शब्द आहे, किनाऱ्यावर ओढायच्या लांब जाळ्याचाच, आणि इंग्रजीतलं सीन, आपल्याकडे ज्याच्या नावानं बोंब मारतात त्या पर्ससीन जाळ्यातलं सीन, ते त्याच शब्दापासून आलंय. आणि पेत्र आणि त्याचा भाऊ आंद्रिया येशूला पहिल्यांदा भेटतात तेव्हा ते जे जाळं टाकत असतात ते वेगळं, हातानं फेकायचं, म्हणजे आमचा पाग. स्क्रिप्टमध्ये दोन्हीकडे नुसतं 'जाळे'. शहरात बसून लिहिणाऱ्याला जाळं म्हणजे जाळं. काकांना एका शब्दात कळलं की स्वर्गाचं राज्य म्हणजे एकट्यानं पाग मारायचं काम नाही, सगळ्या वाडीनं ओढायचं आहे.

त्या दिवशी तुम्ही काकांचं ऐकलंत. 'रापण' शब्द फायनलमध्ये राहिला. मग आजीचं का नाही?

काही ठिकाणी आमचंपण अडलं. मेंढपाळ. कोकणात मेंढरं आहेत कुठे? एवढ्या पावसात टिकत नाहीत ती. आमच्याकडे राखण्या असतो तो गुरांचा. चर्चा दीड तास चालली, मेंढरूच ठेवायचं ठरलं, चित्रात बघितलेलं असतं सगळ्यांनी. उलट मीठ आणि खडकावरचं घर यांना काही समजवावं लागलं नाही, शिरोड्याची मिठागरं शेजारी आणि वादळं काय असतात ते आम्हाला विचारा. आदरार्थीवरनं मात्र भांडण झालं थोडं. तुमचं म्हणणं 'येशू म्हणाले' पाहिजे, आजी म्हणते "जेजून सांगल्यान". तिला म्हटलं अगं मान द्यायला नको का? "देवाक कोण अवो-जावो करता?" गाऱ्हाणं घालणारा गावकरीसुद्धा देवाला 'तू'च म्हणतो, आणि मागून सगळे "होय म्हाराजा" म्हणतात, त्यात मान कमी पडला असं आजवर कोणाला वाटलं नाही.

आणि प्रश्नांचं. गोष्ट झाली की पाच प्रश्न विचारायचे हे तुमचं ठरलेलं. काय आवडलं, काय अवघड वाटलं, देवाबद्दल काय कळलं, माणसाबद्दल काय कळलं, आता तुम्ही काय करणार. प्रश्न चांगले आहेत. पण ते विचारताना तुमच्या टीममधल्या ताईंच्या हातात घड्याळ आणि फॉर्म. उधळ्या मुलाची गोष्ट झाली त्या दिवशीचं आठवतंय का ताई? "एका माणसाक दोन झील होते. धाकट्यान बापाशीक सांगल्यान, माजो वाटो माका दी." एवढ्यावरच गट पेटला. आमच्याकडे एका सातबाऱ्यावर बेचाळीस नावं असतात, आजोबांच्या नावची जमीन अजून वाटलेली नाही, मुंबईचा भाऊ गणपतीला येतो आणि आंब्याच्या कलमांचा हिशेब मागतो. जिवंत बापाकडे वाटा मागितला म्हणजे काय केलं हे प्रत्येकाला घरचं माहीत. मग तो मुलगा भणंग होऊन परत येतो आणि बाप लांबून बघून धावतो. "म्हातारो धावलो?" काकूनं विचारलं. हो, धावलो. "धोतार सावरीत?" हसले सगळे, आणि मग कोणी हसेना. थोरला भाऊ बाहेर उभा राहतो, आत जायला तयार नाही, आणि गोष्ट तिथेच संपते, तो आत गेला की नाही ते येशू सांगतच नाही. दोघे सख्खे भाऊ होते त्या गटात, कोर्टात केस चालू आहे त्यांची, दोघांनी एकमेकांकडे बघितलं नाही.

तेव्हा आजीनं विचारलं, "आणि तेंची आवस खंय होती?" आई कुठे होती? दोन झील, बापूस, चाकर, वासरू, सगळे आहेत, आई कुठेय? ताईंनी घड्याळात बघितलं आणि म्हणाल्या, आजी, तो मुद्दा गोष्टीत नाही, आपण चौथ्या प्रश्नावर जाऊ.

मला माहितीये तो गोष्टीत नाही. पण तोंडी गोष्टीत ऐकणारा उलटून विचारणारच. पुस्तकाला विचारता येत नाही, माणसाला येतं, म्हणून तर तोंडी! गोष्ट सांगून झाली की गोष्टीबाहेरच्या चर्चेत बाकीचं बोलायचं हेसुद्धा तुम्हीच शिकवलं होतं. मग तिथे थांबायचं होतं ना दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांत त्या बायकांनी काय काय सांगितलं असतं. ज्यांचे झील मुंबईला गेले ते परतच आले नाहीत अशा तिघी बसल्या होत्या.

आणखी एक आहे, ते चटकन सांगून टाकते कारण त्यावर भरपूर भांडणं ऑलरेडी चालू असतात. वाडीत पहिल्यांदा आलात तेव्हा तुमच्यातल्या एकानं 'आम्ही भाषेचा सर्व्हे करतोय' असं सांगितलं. का? सरळ सांगा ना, आम्ही ख्रिस्ती आहोत, बायबलच्या गोष्टी सांगतो, ऐकायच्या तर ऐका. घटनेचं २५ वं कलम आपला धर्म पाळायला आणि सांगायला मोकळीक देतं, लपवून सांगायची काय गरज. तुम्ही अकरा दिवसांनी गाडीत बसून जाता, आणि नंतर चव्हाट्यावर उत्तरं आम्हाला द्यावी लागतात, ज्यांची घरं इथे चारशे वर्षं आहेत आणि ज्यांच्या फेस्ताला निम्मा गाव जेवायला असतो आणि आम्ही त्यांच्या गणपतीला. आणि तो स्पीकर 'जे गटाला येतील त्यांनाच' असं करू नका प्लीज. द्यायचा तर द्या, नाहीतर नका देऊ, पण त्याला दोरी बांधू नका.

मी मागते काय? कव्हर गेलं ते गेलं, नावासाठी मी अडून बसत नाही. पण आजीची फाईल वाडीतल्या कार्डांवर परत घाला. स्टुडिओतल्या बाईची पण राहू दे, कोणाला आवडेल त्यानं ती ऐकावी. कच्चं रेकॉर्डिंग जे जे आमच्या लोकांचं आहे त्याची एक कॉपी गावात ठेवा, चर्चमध्ये ठेवा, ग्रामपंचायतीच्या वाचनालयात ठेवा, कुठेही, पण इथे. पुढच्या वेळी कातकऱ्यांमध्ये जाणार आहात असं ऐकलं, रायगडात. तिथे जायच्या आधी त्यांच्या गोष्टी ऐका चार दिवस, रेकॉर्डर बंद ठेवून. त्यांचं सांगणारं माणूस कोण ते त्यांनाच विचारा. आणि जो सांगेल त्याचाच आवाज शेवटपर्यंत राहू दे, खोकला आला तर खोकल्यासकट.

माझ्या फोनमध्ये आजीची ती फाईल आहे, हेडफोनवाल्या मुलानं जाताना गुपचूप ब्लूटूथनं दिली होती, देव बरें करूं त्याचं. तुम्हाला पाठवते, हवी तर. क्वालिटी खराब आहे, मागे पंखा ऐकू येतो, कोणाचंतरी मूल रडतं, आणि चौथ्या मिनिटाला कोंबडा.

आजीला आता ऐकू कमी यायला लागलंय. यायचं असेल तर दिवाळीच्या आधी या, दुपारी, जेवायलाच या. ती अजून मधेच विचारते मला, "गो, ते परत इले काय? आवशीचा काय सांगल्यानी?"

वेंगुर्ले तालुक्यातली,
तुमची भाषा सहायक